ग्लेनिस ट्रेवार्थाची चारशे सहा कार्डं

"मला तर एकही ठिपका दिसत नाही," लाकिस म्हणाला. त्याने चौदावं पान नाकाला लावलं होतं. नाक लांब असल्यामुळे पान तसं दूरच होतं.

"सेडुनाच्या डॉ. कॉस्टिगनना दिसतायत." ग्लेनिस ट्रेवार्थाने हातातलं कार्ड वाचून दाखवलं. "'चौदाव्या पानावरचा फोटो दाढेचा नसून गोवर आलेल्या पोराचा आहे. नुसते ठिपके. पानं लावणारा इसम आंधळा आहे काय?'"

"पानं लावणारा इसम मी आहे."

"हो ना. तुझ्याबद्दलच विचारतायत ते."

लाकिस पाशालिसने पान टेबलावर ठेवलं, उचललं, उलटं धरलं, परत ठेवलं. ग्लेनिसने तोवर उत्तराचा कागद टाइपरायटरमध्ये चढवला होता.

"काय लिहितेयस?"

"भिंगं काढून बघा म्हणून."

"परत भिंगं?"

"भिंगंच. सांगते ना. त्यांनी पेशंटसाठी डोळ्यावर चढवली आणि तशीच ठेवून वाचायला बसले. छापलेला फोटो अडीचपट मोठा करून बघितला तर ठिपकेच दिसणार. माझं तोंड बघितलं तरी ठिपके दिसतील."

"मग तसं सरळ लिही की. 'गाढवा, भिंगं काढ.'"

"'प्रकाशाची व चष्म्याची योजना बदलून पाहावी,'" असं ग्लेनिसने टाइप केलं, आणि गाढव हा शब्द दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत मनातल्या मनात लिहिला.

ही १९९८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. ॲडलेडच्या हट स्ट्रीटवर, मासेमारीच्या गळांच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, राज्यातल्या दंतवैद्यांच्या मासिकाची कचेरी होती. अठ्ठेचाळीस पानं, एकोणीसशे प्रती. प्रत्येक अंकात एक कार्ड असे. वाचकाने त्यावर अंकाबद्दल काय वाटलं ते लिहायचं आणि पेटीत टाकायचं, तिकीट मासिकाचं. ही कार्डं वाचणं, उत्तरं देणं आणि त्यातली बरी निवडून 'वाचक म्हणतात' या दोन पानांत लावणं हे ग्लेनिसचं काम. बावीस वर्षं ती हेच करत होती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. पण हे मासिक आज जसं दिसायचं तसं ते संपादकांनी केलं नव्हतं. ते कार्डांनी केलं होतं. चार वर्षांपूर्वी एकाच अंकावर एकसष्ट कार्डं आली की अक्षर फार बारीक आहे, आणि अठ्ठावन्न आली की अक्षर फार मोठं आहे, एका वेळी तीनच शब्द दिसतात. मंडळाने अक्षराच्या आकारावर उपसमिती नेमली. उपसमितीने अकरा महिन्यांत चार बैठका घेऊन मधला आकार सुचवला. त्यावर एकशे एकोणीस कार्डं आली. मग ग्लेनिसने दोन्ही गठ्ठे समोर ठेवून पत्ते तपासले, सहा जणांना फोन केले आणि एका कागदावर एक ओळ लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवली : 'मोठं म्हणणारे भिंगं चढवून वाचतात.' उपसमिती बरखास्त झाली. तिच्या अध्यक्षांना पुढे शिष्टाचाराचा भाग म्हणून एक शाल मिळायला हवी होती. इथे शाली देत नाहीत, म्हणून टोस्टर मिळाला.

असंच एकदा तिच्या लक्षात आलं की लेख लांबला अशी तक्रार करणारे सगळे साधारण एकाच ठिकाणी थांबतात, तिसऱ्या रकान्याच्या मध्यावर. मुरे ब्रिजचाही तिथेच, पोर्ट लिंकनचाही तिथेच. लेख कोणताही असो. जणू तिथे खड्डा होता. शेवटी तिने कडीनाच्या एका तरुण डॉक्टरला विचारलं, "तुम्ही वाचता तरी कधी?" तो म्हणाला, "इंजेक्शन दिल्यावर. हिरडी बधिर होईपर्यंत सात-आठ मिनिटं मिळतात ना, तेव्हा. आणखी कधी वाचणार?" तेव्हापासून मासिकातला प्रत्येक लेख हिरडी बधिर होण्याइतका लांब असे. हातमोजे घातल्यावर पान उलटता येत नाही असं ओकडाओव्हच्या एका बाईंनी कळवलं, तेव्हापासून प्रत्येक लेख समोरासमोरच्या दोन पानांत संपू लागला. चकचकीत कागदावर खुर्चीवरच्या दिव्याचा झोत पडतो असं कुणी लिहिलं. कागद बिनचमकीचा झाला. मेलबर्नचे लोक या मासिकाला मांडणीतलं क्रांतिकारक मासिक म्हणत. आधीच्या संपादकांना, डॉ. हॅलेटना, वाचकांची नाडी ओळखल्याबद्दल पदक मिळालं. भाषणात त्यांनी पत्नीचे, आईचे आणि एका कुत्र्याचे आभार मानले.

दंतवैद्यांच्या मासिकात बावीस वर्षं काढलेल्या ग्लेनिसच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. लग्नाआधी, विसाव्या वर्षी, वडिलांनी सगळे काढून कवळी करून दिली होती. तांब्याच्या खाणीकडच्या गावांत तेव्हा तशी पद्धतच होती. नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून मुलीला आहेरात कवळी. बहिणीला शिवणयंत्र मिळालं होतं. ग्लेनिसला कधी कधी वाटे, तिचं जास्त चाललं असेल.

नव्या संपादक डॉ. इंगा फोल्मर फेब्रुवारीत आल्या. बाई हुशार, स्वभावाने सरळ, आणि सगळ्या गोष्टींना मुदत घालणाऱ्या. त्यांना मासिकात संशोधन हवं होतं, आणि संशोधनाला जागा हवी होती. जागा शोधताना त्यांची नजर 'वाचक म्हणतात'वर पडली.

"ग्लेनिस, मला गैरसमज नकोय," त्या म्हणाल्या होत्या. "मला वाचकांचं मत हवंच आहे. पण त्यासाठी दोन पानं कशाला? अठ्ठेचाळीसातली दोन. ती त्यांना हवीत का, हे त्यांनाच विचारू."

"विचारू की."

"आणि पान गेलं तर..." डॉ. फोल्मरनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुमची नोकरीची जागा मंजुरीत त्या पानाच्या नावावर आहे. हे मी शोधून काढलेलं नाही, ते तसं लिहिलेलंच आहे. मला तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं."

"बरं केलंत, डॉक्टर."

"प्रश्न तुम्हीच तयार करा. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं."

हे खरं होतं. कार्डाची शिस्त ग्लेनिसनेच घातली होती. पूर्वी कार्डावर नऊ प्रश्न आणि खाली 'इतर सूचना' अशी मोठी चौकट असे. मग कार्ड भरायला फार वेळ लागतो अशी कार्डं येऊ लागली. तिने नवाचे चार केले, चाराचा एक केला, आणि तीन वर्षांपूर्वी 'इतर सूचना'ची चौकटही काढून टाकली. एक प्रश्न, दोन चौकटी. लोक तरीही कडेने लिहीतच; त्याला उत्तर द्यायचं, पण चौकटीबाहेर लिहिलेलं मोजायचं नाही, हा नियमही तिचाच. एकदा एका डॉक्टरांनी चौकटीत काहीच न करता बाजूला आपल्या बोटीचं चित्र काढून पाठवलं होतं, आणि मंडळातल्या एका मित्राने ते अनुकूल मत धरा म्हटलं होतं. ग्लेनिसने धरलं नाही.

तेव्हा मे महिन्याच्या अंकातल्या कार्डावर तिने छापलं : 'वाचक म्हणतात हे पान पुढे चालू ठेवावं का?' खाली दोन चौकटी. होय. नाही.

चारशे सहा कार्डं आली. आजवर एवढी कधी आली नव्हती.

बुधवारी दुपारी तिने ती मोजली. लाकिस समोर बसून सँडविच खात होता आणि न बघण्याचं नाटक करत होता. तिने दोन गठ्ठे केले, पुन्हा मोजले, रबर लावले.

"बोल," लाकिस म्हणाला.

"होय एकशे एकोणचाळीस. नाही दोनशे सदुसष्ट."

लाकिसने सँडविच खाली ठेवलं. "काय सांगतेस! अगं, हेच लोक दर महिन्याला लिहितात तुला. या कॉस्टिगनने तर एकट्याने अर्धं पोस्ट ऑफिस चालवलंय. त्याने काय म्हटलंय?"

"नाही."

"कॉस्टिगनने?"

ग्लेनिसने कार्ड काढून दिलं. नाहीच्या चौकटीत फुली होती, इतकी जोरात की मागे उमटली होती. कडेने लिहिलं होतं : 'बाकीच्यांच्या तक्रारी वाचून मला काय मिळणार? ता. क. ठिपक्यांचं काय झालं ते कळवणे.'

"म्हणजे हा लिहिणार. पण वाचणार नाही."

"कुणीच वाचत नाही रे. सगळे लिहितात." ग्लेनिसच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरोखरच आत्ता कळलं होतं आणि ते तिला पटलंही होतं. "बावीस वर्षं मी ते पान लावलं, आणि ते वाचणारी मी एकटीच होते."

"मीही वाचत होतो."

"तू शुद्धलेखन तपासत होतास."

लाकिसने नाकारलं नाही. त्याने कार्डांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "ऐक. हे मोजलं कोणी? तू. उद्या मंडळासमोर आकडे सांगणार कोण? तू. आत्तापर्यंत त्यातल्या एकाने तरी उठून एक तरी कार्ड बघितलंय? रबरं बदल. संपलं. एकशे एकोणचाळीस नाही, दोनशे सदुसष्ट होय. कुणाचं काय जातंय?"

"आणि कॉस्टिगनला मी होय म्हणायला लावू?"

"त्याला काय कळणार आहे?"

"पान चालू राहिलं की कळेल. तो लिहील मला, मी नाही म्हटलं होतं म्हणून. मग त्याला मी काय उत्तर देऊ?"

लाकिसने यावर थोडा विचार केला. या बाईला नोकरी गेल्याची चिंता नसून खोटं बोलल्यावर येणाऱ्या पत्राच्या उत्तराची चिंता आहे, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. "तू म्हणजे ना," तो म्हणाला आणि उरलेलं सँडविच तिच्यापुढे सरकवलं. तिने ते घेतलं. त्यात बीटरूट होतं. कवळीला बीटरूटचा रंग लागतो म्हणून ती एरवी खात नसे.

मग तिने कार्डांचा दुसरा हिशोब केला, जो कुणी मागितला नव्हता. कडेला, मागे, पत्त्याच्या जागेत, तिकिटाच्या खाली, जिथे जागा मिळेल तिथे काहीतरी लिहिलेली कार्डं तिने वेगळी काढली. ती एकशे अठ्ठ्याऐंशी होती.

गुरुवारी मंडळाची बैठक चार वाजता भरली. मंडळात नऊ दंतवैद्य. टेबलाच्या मधोमध जॅम आणि साय भरलेल्या किचनर बनांचं ताट. नऊ जणांनी मिळून चौदा बन संपवले आणि साखरेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथे ते काढण्याची रीत नव्हती. अध्यक्ष डॉ. ॲथोल बिरेल हे निवृत्त, मऊ बोलणारे, मिशीत साय अडकलेले गृहस्थ होते.

"हं, ग्लेनिस," ते म्हणाले. "आमचे वाचक काय म्हणतात?"

"पान नको म्हणतात, डॉक्टर. दोनशे सदुसष्ट विरुद्ध एकशे एकोणचाळीस."

डावीकडच्या एका डॉक्टरांनी बनांचं ताट आपल्याकडे ओढलं.

"नीट मोजलंत ना?" डॉ. बिरेलनी विचारलं. त्यांच्या प्रश्नात तिच्यासाठी एक दार किलकिलं ठेवलेलं होतं, हे सगळ्यांना दिसलं. तिलाही.

"दोनदा मोजलं."

डॉ. फोल्मर चष्मा पुसत होत्या. त्यांना हवा तो निकाल लागला होता आणि त्यांचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा झाला होता. "ग्लेनिस, तुमच्या हातात तो तिसरा गठ्ठा कसला?"

"त्यात कडेला लिहिलेलं आहे. ते मोजलेलं नाही. त्याला चौकट नव्हती."

"काय लिहिलंय?"

ग्लेनिसने वरची काही वाचली. 'पान बंद करा, पण पेशंटच्या गळ्यातल्या रुमालाची साखळी केसांत अडकते त्यावर उपाय सांगणे.' 'नाही. आणि मी मागच्या वेळी विचारलं होतं त्याचं उत्तर वेळेत मिळालं, आभार, पेशंट वाचला.' 'नाही. ता. क. माझी मदतनीस दर बुधवारी शिट्टी वाजवते. काय करावं?' 'नको. जागा वाया. गेल्या महिन्यात बायको गेली, कार्ड उशिरा पाठवतोय, क्षमस्व.' शिट्टीपर्यंत मंडळ हसत होतं. त्यानंतर डॉ. बिरेलनी मिशी पुसली.

"म्हणजे पान त्यांना हवंय," डावीकडचे एक डॉक्टर म्हणाले. "मनातून."

"नाही, डॉक्टर. पान त्यांना नकोच आहे. पान कुणी वाचत नाही."

"मग हे सगळं लिहितात कशाला?"

"उत्तर हवंय म्हणून."

"उत्तर कोणाचं?"

ग्लेनिसने गठ्ठा टेबलावर ठोकून कडा सरळ केल्या. "ते त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

हे तेवढं खरं नव्हतं. तिच्या बावीस वर्षांच्या नोकरीत तिने मंडळाला सांगितलेली ही एकमेव खोटी गोष्ट. गठ्ठ्यातलं सर्वांत खालचं कार्ड रेनमार्कहून आलं होतं, सही वाचता न येणारी. त्यावर नाहीच्या चौकटीत फुली होती आणि तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात : 'पान खुशाल काढा. संपादक कितीही बदला. पण उत्तरं लिहिणारं जे कोणी माणूस आहे ते मात्र ठेवा. आम्हाला कळतं, ते एकच आहे.' हे कार्ड तिने वाचून दाखवलं नाही. स्वतःची शिफारस स्वतःच्या तोंडाने करायची हे तिला कवळी बाहेर काढून दाखवल्यासारखं वाटलं असतं.

डॉ. फोल्मर म्हणाल्या, "आपण हे मोजायला हवं. नियम बदलून. मी तसा ठराव मांडते."

"नियम कार्ड छापण्याआधी बदलायचा असतो, डॉक्टर," ग्लेनिस म्हणाली. "बोटीचं चित्र काढलेलं तेव्हा मी धरलं नव्हतं. आता हे धरलं तर त्यांना काय वाटेल?"

बोटीचं चित्र काढणारे डॉक्टर योगायोगाने समोरच बसले होते. त्यांनी बनकडे पाहिलं.

ठराव झाला. 'वाचक म्हणतात' जुलैपासून बंद. त्या दोन पानांत संशोधनाचे सारांश. संबंधित जागा तीस जूनला समाप्त. श्रीमती ट्रेवार्था यांच्या सेवेची मंडळ कृतज्ञतापूर्वक नोंद घेत आहे. नोंद ग्लेनिसनेच लिहून घेतली, कारण बैठकीचं टिपणही तीच ठेवत असे. 'कृतज्ञतापूर्वक'वर तिची पेन्सिल क्षणभर थांबली. इतिवृत्तात विशेषणं-क्रियाविशेषणं घालायची नाहीत असा तिचा एक नियम होता. मग तिने ते घातलं, कारण ते बोललं गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी लाकिस आला तेव्हा ती आधीच बसलेली होती. एकशे अठ्ठ्याऐंशी कार्डं टेबलावर चार रांगांत होती आणि टाइपरायटरमध्ये कागद होता.

"आता हे काय?"

"उत्तरं."

"पानच नाही तर उत्तरं कुठली? तुला कोणी सांगितलंय?"

"विचारलंय ना त्यांनी." तिने केसांत अडकणाऱ्या साखळीवर रबरी नळीचा तुकडा सुचवला, शिट्टी वाजवणाऱ्या मदतनिसाबद्दल बुधवारी सुटी देऊन बघावी असं लिहिलं, बायको गेलेल्या डॉक्टरांना चार ओळी लिहिल्या. त्या लिहायला तिला बराच वेळ लागला आणि एक कागद वाया गेला.

डॉ. फोल्मर दारात येऊन उभ्या राहिल्या. "ग्लेनिस, एवढ्यांना सगळ्यांना? तीस जूनपर्यंत संपेल?"

"दिवसाला सहा केली तर संपेल, डॉक्टर."

डॉ. फोल्मर आत आल्या, रांगेच्या टोकाचं एक कार्ड वाकडं होतं ते सरळ केलं आणि गेल्या.

उत्तराच्या कागदांवर खाली छापलेलं असे : 'संपादकांकरिता', आणि त्यापुढे ठिपक्यांची एक ओळ. त्या ओळीवर ग्लेनिस बावीस वर्षं एक वेलांटीसारखी रेघ ओढत आली होती. पाच संपादक बदलले, रेघ तीच राहिली. तिने पहिलं उत्तर टाइपरायटरमधून काढलं, पट्टी घेतली, 'संपादकांकरिता'वर सरळ काट मारली आणि खाली शाईने नाव लिहिलं. ग्लेनिस ट्रेवार्था. सवय नसल्यामुळे ट्रेवार्था कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि शेवटचं अक्षर दाबून बसवावं लागलं.

दुसऱ्या कागदावर तिने जरा डावीकडून सुरुवात केली.